चक्रांग बदकाचे फोटो आणि वर्णन : पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चक्रांग म्हणजे नेमकं कोणतं बदक?

इंग्रजी पुस्तकांत ज्याला कॉमन टील म्हणतात तेच. शास्त्रीय नाव अनास क्रेक्का. लांबी ३४ ते ३८ सेंटीमीटर. पुण्यात बारमाही दिसणारं हळदी-कुंकू बदक साधारण ६० सेंटीमीटरचं असतं, त्याच्या शेजारी चक्रांग पिल्लासारखं वाटतं. नराचं डोकं विटकरी-तपकिरी, डोळ्यावरून मानेपर्यंत रुंद हिरवा पट्टा आणि त्या पट्ट्याला बारीक फिकट कड. अंग राखाडी, कुशीवर पंखाच्या कडेने एक आडवी पांढरी रेघ, शेपटीखाली दोन्ही बाजूंना सायीच्या रंगाचा त्रिकोण आणि त्याला काळी चौकट. मादी ठिपक्या-ठिपक्यांची तपकिरी.

याहून लहान बदक आपल्याकडे आहे ते काणूक. पण तो पांढरा-हिरवा पक्षी इथलाच रहिवासी आहे आणि त्याच्या सवयीही वेगळ्या. या पानावर फक्त चक्रांग.

पुण्यात कधी बघायला मिळतं?

हिवाळी पाहुणा आहे. सप्टेंबरअखेरपासून थवे उतरायला लागतात, मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातात. फोटोसाठी मात्र सगळा हंगाम सारखा नसतो. उन्हाळ्याच्या शेवटी नर आपली रंगीत पिसं टाकून मादीसारखा तपकिरी होतो आणि तसाच इकडे येतो. त्यामुळे ऑक्टोबरात "सगळ्या माद्याच आहेत" अशी तक्रार येते. त्यांतले बरेच नर असतात. नवी पिसं येत जातात तसा नर अर्धवट रंगलेला, डागाळल्यासारखा दिसतो. पूर्ण रंगातला नर हवा असेल तर डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा. वर्णन लिहिणाऱ्यांनी उलट ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडू नये. अर्धवट रंगातल्या पक्ष्यांच्या चांगल्या नोंदी फार कमी होतात.

कुठे जावं?

शहराजवळ कवडीपाट. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे, तिथे उथळ वाहतं पाणी, दगड आणि गाळ असं चक्रांगाला हवं ते सगळं एकत्र मिळतं. पाणी घाण आहे, वासही येतो, प्रवाहात फेस आणि प्लास्टिक असतं. पक्षी तरी येतात, कारण सेंद्रिय गाळात अळ्या आणि बी-बियाणं भरपूर. आपण मात्र त्या पाण्यात उतरू नये, आणि गुडघे टेकल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये.

पाषाण तलावावर जलपर्णी किती पसरली आहे त्यावर सगळं अवलंबून. मोकळं पाणी उरलं नसेल तर बदकं दुसरीकडे जातात.

मोठे थवे पाहायचे तर भिगवण. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, उजनी धरणाचा फुगवटा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा : चांगल्या पावसाच्या वर्षी नोव्हेंबरात जलाशय काठोकाठ असतो आणि बदकं पांगलेली असतात. रब्बीसाठी पाणी सुटतं, पातळी उतरते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि मग जानेवारीपासून पक्षी काठाला येतात. कुंभारगाव-डिकसळकडे जाण्याआधी तिथल्या नाववाल्याला फोन करून पाण्याची पातळी विचारा. नुसतं "पक्षी आहेत का?" विचारलंत तर उत्तर नेहमी "आहेत, या" असंच येतं.

किती मिलिमीटरची लेन्स लागेल?

हिशेब करून पाहा. ३६ सेंटीमीटरचा पक्षी २५ मीटरवर आहे आणि लेन्स ५०० मिलिमीटरची आहे, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा साधारण ७ मिलिमीटर लांबीची पडते. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात हे चौकटीच्या रुंदीच्या पाचव्या भागाइतकं, एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात तिसऱ्या भागाच्या जवळपास. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात पक्षी सुमारे १८०० पिक्सेल लांबीचा येतो. पिसांवरची बारीक नक्षी दाखवायला एवढं पुरतं. तोच पक्षी ५० मीटरवर असेल तर ९०० पिक्सेल. ओळख पटते, पण कुशीवरच्या केसासारख्या रेघा एकमेकींत मिसळून नुसता राखाडी रंग उरतो.

म्हणून ४०० मिलिमीटरच्या खाली नराचं वर्णन करता येईल असा फोटो क्वचितच मिळतो. ३०० मिलिमीटरवर थव्याचे, अधिवासाचे, प्रतिबिंबांचे फोटो काढा, ते वाया जात नाहीत.

टेलिकन्व्हर्टरबद्दल, म्हणजे लेन्सची पोच वाढवणाऱ्या जोडभिंगाबद्दल, बरेच जण विचारतात. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो. सकाळी सव्वासातला हा स्टॉप महाग पडतो, आठनंतर चालून जातो.

सेटिंग काय ठेवावं?

पोहणाऱ्या किंवा चरणाऱ्या पक्ष्यासाठी शटर १/८०० ते १/१०००. चक्रांग चरताना चोच पाण्यात फिरवत राहतं आणि डोकं एकसारखं हलतं. अंग स्पष्ट, डोकं पुसट असे फोटो १/३२० ला हमखास येतात. झोपलेल्या पक्ष्याला १/२५० सुद्धा चालेल, आधार पक्का हवा.

छिद्र एफ ६.३ ते ८. ५०० मिलिमीटरला १५ मीटरवर एफ ६.३ ठेवलं तर एपीएस-सीवर स्पष्ट दिसणारी खोली साधारण एक वीत भरते. म्हणजे एक पक्षी कसाबसा त्यात बसतो, जोडीतला दुसरा थोडा मागे असला की गेला. नर-मादी दोघं हवेत तर ते एका रेषेत येईपर्यंत थांबा. एफ ११ करून फारसं काही हाती लागत नाही.

आयएसओ ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० घाला. पक्षी चंदेरी पाण्यावर किंवा फेसात असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर +०.७ पर्यंत वाढवा. सावलीतल्या गडद पाण्यावर उलट −०.३ किंवा −०.७, नाहीतर शेपटीखालचा फिकट त्रिकोण पांढराफटक होतो. त्या त्रिकोणातला पिवळसरपणा एकदा जळाला की रॉ फाइलमधूनही परत येत नाही. म्हणून हायलाइट लुकलुकण्याची सूचना चालू ठेवा, आणि पहिल्या दोन-तीन फोटोंत फक्त तो त्रिकोण तपासा.

डोक्यावरचा हिरवा पट्टा फोटोत काळा का येतो?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. विटकरी रंग रंगद्रव्याचा आहे, तो कुठूनही विटकरीच दिसतो. हिरव्याचं तसं नाही. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन तो रंग तयार होतो, त्यामुळे प्रकाश कुठून पडतोय आणि आपण कुठून बघतोय या दोन्हींवर तो ठरतो. कोन बिघडला की खालचं गडद रंगद्रव्य तेवढं उरतं आणि पट्टा काळा दिसतो. कधी निळसर-जांभळी झाकही येते, तो लेन्सचा दोष नसतो.

यावर इलाज तीन.

पहिला, सूर्य पाठीशी आणि खाली हवा. डिसेंबरअखेर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसात ते नऊ हा वेळ सोन्यासारखा. दहानंतर ऊन वरून पडतं, पट्ट्याची फक्त वरची कड चमकते आणि गालाकडचा भाग मरतो. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा जमतं.

दुसरा, पक्ष्याने डोकं वळवेपर्यंत थांबणं. पक्षी बाजूने उभा असला तरी डोकं चार-पाच अंश आपल्याकडे वळलं की पट्टा पेटल्यासारखा उजळतो आणि लगेच विझतो. म्हणून डोकं वर असताना तीन-चार फोटोंचे छोटे बर्स्ट (सलग फोटो) घ्या. लांबलचक बर्स्टमध्ये शंभर काळी डोकी जमा होतात.

तिसरा, ढगाळ दिवस. झगमगाट नसतो, पण पट्ट्याचा आकार आणि कडेची फिकट रेघ पूर्ण दिसते. वर्णनाच्या कामाला ढगाळ दिवसाचा फोटो कित्येकदा उन्हातल्यापेक्षा सरस ठरतो.

एडिटिंगमध्ये हिरवा वाढवून काळा पट्टा हिरवा करता येत नाही. तिथे माहितीच नसते. स्लायडर ओढला की मागच्या गवताला विषारी रंग चढतो, एवढंच.

फोटो स्पष्ट आहे, पण डोळा दिसत नाही. का?

नराचा गडद डोळा त्या गडद पट्ट्यातच बसलेला आहे. त्यात प्रकाशाचा ठिपका नसेल तर डोळा हरवतो आणि पक्षी आंधळा वाटतो. सूर्य पाठीशी आणि खाली असला की ठिपका आपोआप येतो. डोळा ओळखणारा ऑटोफोकसही इथे गडबडतो : डोळ्याऐवजी गालावरच्या फिकट कडेला पकडतो, किंवा समोरच्या लव्हाळ्याला. तसं होऊ लागलं तर एकच छोटा फोकस-बिंदू घ्या आणि तो त्या फिकट कडेवर, डोळ्याच्या अगदी खाली ठेवा. कड आणि डोळा जवळपास एकाच अंतरावर असतात, आणि कडेला कॉन्ट्रास्ट भरपूर मिळतो.

पाण्याच्या पातळीवरून फोटो कसा काढायचा?

उभं राहून काढलेल्या फोटोत पाठ दिसते आणि मागे मचूळ पाणी. लेन्स पाण्यापासून एक-दीड फुटावर आणलीत की कुशीवरची पांढरी रेघ, शेपटीखालचा त्रिकोण आणि छातीवरचे ठिपके तिन्ही एका फोटोत येतात, आणि पार्श्वभूमीही मऊ होते. काठावर पालथं झोपा. खाली जाड प्लास्टिकची ताडपत्री, लेन्सखाली बीनबॅग. कापडी पिशवीत दीड-दोन किलो तांदूळ किंवा वाटाणे भरून घट्ट शिवलं की झाली बीनबॅग, विकतची लागत नाही. पिशवी पूर्ण भरू नका, वरची चौथाई रिकामी असली तरच लेन्स तिच्यात बसते.

आठ-साडेआठनंतर उन्हाने पाण्यावर हवा थरथरू लागते. इतक्या खालून आणि लांबून काढलेल्या फोटोत ती जास्त जाणवते. फोटो मऊ येतात आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो. पक्षी जवळ असेल तर ठीक, चाळीस मीटरपलीकडचा असेल तर दुर्बीण काढून मोजणीला लागा.

किती जवळ जावं?

पक्षी सांगतात. चरणं थांबलं, माना ताठ झाल्या, सगळी एकाच बाजूला तोंड करून हळूहळू पोहत दूर निघाली, की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. तिथेच थांबा, खाली बसा, पाच मिनिटं हलू नका. बहुतेक वेळा थवा पुन्हा चरायला लागतो. तरीही पुढे गेलात तर उडतोच, आणि सगळा काठ रिकामा होतो. चक्रांग मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री खातं, दिवसा विश्रांती घेतं. झोपलेला थवा उठवणं म्हणजे त्याची वाचवलेली ताकद खर्ची घालणं.

सगळ्यात चांगला उपाय उलटा आहे. उजाडण्याआधी जागेवर जाऊन बसा आणि पक्ष्यांना येऊ द्या. मळकट हिरवे किंवा खाकी कपडे, टोपी, मोबाइल आवाजाविना.

भिगवणला नावेतून जाताना नाववाल्याला आधीच सांगा : थव्याच्या दिशेने सरळ नाव घालायची नाही, लांबूनच मोटर बंद करायची, पुढे बांबूने. "साहेब, उडवून दाखवू का?" असा प्रश्न आला तर नाही म्हणा. ड्रोन आणि रेकॉर्ड केलेले आवाज नकोतच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पक्ष्यांना पकडणं-मारणं तर गुन्हा आहेच.

उडताना फोटो मिळत नाही, काय चुकतंय?

चक्रांग पाण्यावर धावत नाही, जागेवरून जवळजवळ सरळ वर उसळतं. तुम्ही आडवा पाठलाग करत असता आणि पक्षी चौकटीच्या वर गेलेला असतो. उभी चौकट किंवा थोडं मागे घेतलेलं झूम वापरा. शटर किमान १/२०००, शक्य असेल तर १/३२००. बदकं वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून उतरतात आणि उडतात. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा मिळाली तर उतरणारा पक्षी समोरून येतो.

उडताना बघायचा तो पंखावरचा चमकता हिरवा पट्टा. त्याच्या पुढे रुंद पांढरी-पिवळसर कड, मागे बारीक पांढरी. एवढा एक भाग स्पष्ट आला तरी फोटो कामाचा.

मादी कशी ओळखायची? भुवई बदकाची मादी तशीच दिसते.

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. चेहऱ्यापासून सुरुवात करा. भुवई बदकाच्या (इंग्रजीत गार्गनी) मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा : डोळ्यावर ठळक फिकट भुवई, डोळ्यातून गडद रेघ, गालावर आणखी एक गडद रेघ, आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यामानाने साधा, डोळ्यातून जाणारी एकच रेघ.

मग शेपटीकडे या. चक्रांगाच्या मादीला शेपटीच्या मुळाशी, बाजूला, फिकट आडवी रेघ असते. भुवई बदकाला नसते. चोच चक्रांगाची आखूड आणि बारीक, कधी मुळाशी नारिंगी झाक. भुवई बदकाची जरा लांब आणि राखाडी. पंख उघडले तर आणखी सोपं : चक्रांगाच्या हिरव्या पट्ट्याची पुढची कड रुंद, भुवई बदकात मागची पांढरी कड ठळक.

म्हणून मादीचा एक फोटो नेहमी पूर्ण बाजूने, शेपटीसकट काढा. डोक्याचा सुंदर क्लोजअप आणि शेपटी चौकटीबाहेर, मग ओळख अडकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात "मादी" असं ठामपणे लिहू नका, "मादीसारख्या पिसाऱ्यातला पक्षी" लिहा.

टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याशी गोंधळ होत असेल तर दोन मिनिटं बघत राहा. टिबुकली बुडी मारते. चक्रांग शेपूट वर करून डोकं पाण्यात घालतं, बुडी सहसा मारत नाही.

वर्णन कसं लिहायचं?

आधी पुस्तक मिटा. फोटो समोर ठेवा आणि त्यात जे दिसतं तेवढंच लिहा. नवशिक्याच्या वर्णनात हिरवा पट्टा नेहमी "चमकदार हिरवा" असतो, फोटोत तो काळा असला तरी. अशा वर्णनाचा उपयोग नाही, कारण ते पक्ष्याचं नसून पुस्तकाचं असतं.

क्रम असा ठेवा : आकार (शेजारच्या ओळखीच्या पक्ष्याच्या तुलनेत), अंगाची ठेवण, चोच, डोकं, छाती, कूस, पाठ, शेपटीखालचा भाग, दिसला तर पंख, मग हालचाल आणि आवाज. जे दिसलं नाही ते "दिसलं नाही" असंच लिहा. नमुना :

"नर, पाण्यावर, डावी बाजू आपल्याकडे. लांबीने शेजारच्या थापट्या बदकाच्या पाऊणपट. चोच काळपट, आखूड. डोकं विटकरी, डोळ्याभोवतीचा पट्टा पुढच्या भागात काळा, मानेजवळ हिरवा दिसतो, पट्ट्याची खालची फिकट कड डोळ्यापुढून चोचीकडे वळते. छाती फिकट, गडद गोल ठिपके. कूस राखाडी, जवळून बारीक नागमोडी रेघा. वर आडवी पांढरी रेघ. शेपटीखाली फिकट पिवळा त्रिकोण, काळी चौकट. पाय पाण्यात, दिसले नाहीत. पंखाचा हिरवा पट्टा मिटलेल्या पंखात अर्धवट. उथळ पाण्यात चोच फिरवत चरत होता. दोनदा बारीक शिटीसारखा आवाज."

आवाजाची नोंद सोडू नका. बारीक, किणकिणती शिटी नराची. मादीचा आवाज बदकाचा नेहमीचा क्वॅक, पण उंच पट्टीतला.

रंगांना कोणते शब्द वापरावेत?

जे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच रंग आणतात ते. विटकरी, राखाडी, सायीसारखा, मातकट हे चांगले. "सुंदर", "मोहक", "नयनरम्य" यांना वर्णनात जागा नाही, ते फेसबुकवर लिहा. "सोनेरी" जपून वापरा, सकाळच्या उन्हात सगळंच सोनेरी असतं.

एडिटिंग किती करावं? फेस, प्लास्टिक पुसून टाकावं का?

व्हाइट बॅलन्स डेलाइटच्या आसपास, ५२०० ते ५५०० केल्व्हिन. व्हायब्रन्स वाढवताना नजर त्रिकोणावर ठेवा. तो हळदीसारखा पिवळा व्हायला लागला की मागे या. पट्ट्यातल्या सावल्या थोड्या उचलल्या तर चालतं. नॉइज कमी करताना कुशीवरची नक्षी पुसली जात नाही ना, ते १०० टक्के झूम करून पाहा. ही चूक फार होते, कारण छोट्या स्क्रीनवर फोटो छानच दिसतो.

फेस आणि प्लास्टिक आमच्या मते ठेवावं. कवडीपाटचं चक्रांग फेसातच राहतं, आणि नदीची अवस्था हाही नोंदीचाच भाग आहे. स्पर्धेसाठी पुसायचंच असेल तर त्या स्पर्धेचे नियम वाचा, आणि मूळ फाइल जपा.

मोबाइलने जमेल का?

नुसत्या मोबाइलने थवा आणि जागा. स्पॉटिंग स्कोपला मोबाइल अडॅप्टरने जोडला तर ओळखीपुरता फोटो नक्की. २० ते ३० पटींवर थांबा. ६० पटींवर प्रकाश कमी, थरथर जास्त.

नोंद कुठे आणि कशी करायची?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर. जागा, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती चाललात आणि दिसलेले सगळे पक्षी, फक्त चक्रांग नव्हे. थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि त्या मापाने पुढे सरका. नर-मादी वेगळे मोजता आले तर टिपणीत लिहा. संख्येच्या जागी "भरपूर" लिहिण्यापेक्षा अंदाजे ८० चांगलं.

पायात अभ्यासकांनी घातलेली कडी दिसली तर शक्य तितके फोटो काढा, वेगवेगळ्या बाजूंनी, कारण आकडे गोल फिरलेले असतात. आकडे, रंग, कोणता पाय, जागा आणि तारीख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

जखमी किंवा मांज्यात अडकलेलं बदक दिसलं तर?

जानेवारीत नदीकाठी मांजा असतोच. स्वतः पाण्यात उतरू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, नेमकी जागा सांगा आणि मदत येईपर्यंत कुत्री लांब ठेवा. पक्षी हातात आलाच तर हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

इंटरनेटवरच्या काही फोटोंत पांढरी रेघ उभी दिसते. ते कोणतं?

ते उत्तर अमेरिकेतलं रूप. त्याच्या छातीच्या बाजूला उभी पांढरी रेघ असते आणि कुशीवरची आडवी नसते. काही जण त्याला वेगळी जात मानतात, काही जण उपजात. पुण्यात तुम्हाला दिसणारं चक्रांग आडव्या रेघेचंच असणार. उभी रेघ दिसली असं वाटलं तर आधी पक्षी कोणत्या कोनात होता ते तपासा, आणि तरीही शंका उरली तर दोन्ही बाजूंचे फोटो नोंदीला जोडा.